राहिलेली तीन झाडं

मी उभी हयात लोकांना फसवण्यात घालवली. कुणाच्या बुटात बेडूक सोड, कुणाच्या झोळीची गाठ सैल कर. त्यामुळे ही गोष्ट सांगायला बसलो की आमच्याकडे सगळे आधीच हसतात.

तुम्हीही हसा. पण हे खरं आहे.

१९८४ सालचा गुड फ्रायडे. ब्राझीलमधलं आक्रे, शापुरी गावापासून नावेने एक दिवस नदीच्या वरच्या अंगाला. भर दुपार.

आम्ही रबराच्या झाडांचा चीक काढणारी माणसं. त्या दिवशी झाडाला चाकू लावायचा नाही. लावला तर झाडांची आई मागे लागते, असं म्हातारे सांगायचे.

माझा मेव्हणा देउस्देते हे मनापासून मानायचा. साधा, भित्रा माणूस. माझ्या एकाही चेष्टेवर कधी हसला नाही.

तेच मला सलायचं.

म्हणून तो रोज ज्या रानवाटेने चीक काढत जायचा, तिच्यावरच्या तीन झाडांना काप द्यायचं ठरवलं. शनिवारी ताजे काप बघून पळत सुटेल.

मी डावरा. माझा काप इतरांपेक्षा उलटा उतरतो, आमच्यात कापावरून हात ओळखतात. म्हटलं, ओळखू दे. आधी घाबरेल, मग ओळखेल, मग शिव्या घालेल. मजाच.

पहिल्या झाडाला चाकू लावला.

चीक आला नाही.

थोडा खोल गेलो. पार लाकडाला लागलो. एवढा खोल काप आम्ही कधीच देत नाही, झाड जायबंदी होतं.

तरी कोरडं.

दुसरं कोरडं. तिसरंही.

तेव्हा लक्षात आलं... रानातली किरकिर थांबली होती.

आणि पाठीमागे...

टप्.

टप्.

वळून पाहिलं. झाडांना चिकासाठी लावलेल्या तिन्ही वाट्या कोरड्या.

मी हसतच घरी आलो. जरा भरभर चाललो, एवढंच.

शनिवारी देउस्देते पहाटेच कामाला गेला. दहाला जेवायला यायचा, बारा वाजले तरी पत्ता नाही. माझी बहीण ओझमारिना दारात आली.

"दादा, ते आले नाहीत अजून. तू काही केलंयस का?"

"मी? मी काय करणार?"

"तुझं तोंड सांगतंय."

मी धावत त्याच्या वाटेवर गेलो.

झाडामागून झाडाला काप दिलेला. वाट्या काठोकाठ. आणि प्रत्येक काप... उलटा. माझ्या हाताचा.

फक्त माझी तीन झाडं तशीच होती. मी लाकडापर्यंत चिरलेली ती झाडं. साल अख्खी, एक ओरखडा नाही.

वाटेच्या टोकाला देउस्देते पाठमोरा उभा होता. काप देत होता.

डाव्या हाताने.

जन्माचा उजवा माणूस तो.

"दाजी," मी म्हणालो, "घरी चला. ओझमारिना वाट बघतेय."

तो वळला.

आणि हसला.

ते हसू माझं होतं. आधी नाकातून, मग पोटातून. मी कसा हसतो ते मला ठाऊक नाही होय?

आज देउस्देते आमच्या भागातला सगळ्यात मोठा थट्टेखोर आहे. लोकांच्या बुटात बेडूक टाकतो. सगळे म्हणतात, मेव्हण्याचं वारं लागलं. ओझमारिना मात्र माझ्याकडे बघत नाही. एकदाच बोलली.

"दादा, ते झोपेत हसतात ना... तेव्हा वाटतं, तूच घरात आहेस. मग माझा नवरा कुठाय?"

त्या दुपारचं मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तिलाही नाही.

पण दर गुड फ्रायडेला, भर दुपारी, तो माझ्या दाराशी येतो.

"चल की, झेनिल्दो," म्हणतो. "तीन राहिलीत."

मी दार उघडत नाही. तो हसतो आणि जातो.

या वर्षी जाताना पायरीवर चाकू ठेवून गेला. डावऱ्या माणसाचा चाकू, माझाच.

मूठ अजून चिकाने ओली होती.

आणि मला... हसू आलं नाही. किती वर्षं झाली, येतच नाही.