तीन नंबरची जागा

मी जिनिंगच्या मशिनी बसवतो. कापूस आत गेला की रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे पडली पाहिजे, एवढंच माझं काम. रोलर आणि पट्टी यांच्यातलं अंतर कागदाच्या जाडीएवढं लागतं आणि ते नजरेनं नाही, गेजनं मोजावं लागतं. त्यामुळं मोजलं तेवढंच खरं, अशी सवय मला लागली. शिवाय आमच्या आजोबांनी छप्पन साली देव आणि भुतं एकाच दिवशी घराबाहेर काढली. अंगात येणं, झपाटणं असल्या गोष्टींची मी आयुष्यभर टिंगलच केली आहे. हे आधीच सांगून ठेवतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी मानवतहून सकाळच्या एसटीनं परभणीला जायचं आणि अकरा ते तीन डायलिसिसला पडायचं. डाव्या हाताची एक नस त्यासाठी ऑपरेशन करून फुगवलेली आहे. तिच्यावर बोट ठेवलं तर लांब कुठंतरी मोटार चालल्यासारखी थरथर लागते. दिवसाला लिटरभराच्या आतच पाणी प्यायचं, केळी बंद, नारळपाणी बंद. "सिद्धोधन मिस्तरी शेवटी मशीनलाच लागला," असं मित्र म्हणायचे आणि मी हसायचो. बायको नीलम मात्र हसायची नाही. खरं तर ती कशालाच हसायची नाही.

ऑक्टोबरात कंपनीच्या दिनकररावांचा फोन आला. टांझानियात शिन्यांग्याजवळ चोवीस मशिनी बसवल्या होत्या, पण रुईचा धागा तुटत होता आणि तिथल्या कुणाला काही कळत नव्हतं. तेरा दिवसांचं काम होतं. डॉक्टर आधी नाहीच म्हणाले. मग तिथल्या मोठ्या गावातल्या दवाखान्याशी बोलून त्यांनी डायलिसिसच्या तारखा ठरवून दिल्या. मला जायचंच होतं. आजारानं माझी दुनिया मानवत ते परभणी एवढीच करून टाकली होती आणि मला त्याचा लय राग होता.

अडचण होती ती जागेची. सेंटरला सहा बेड आणि वाट बघणारे आठ-नऊ जण. माझी जागा एकदा गेली की गेलीच. निघायच्या आदल्या दिवशी डायलिसिस झाल्यावर मी खिशातला रुमाल काढला आणि माझ्या तीन नंबरच्या बेडवर टाकला, आपण एसटीच्या खिडकीतून टाकतो तसा.

"जागा धरली बरं का, नागेश."

सुया लावणारा नागेश हसला. "कुणी येऊन बसलं मंग?"

"बसू दे. पण माझ्या नावावर."

चार नंबरला पिंगळीचे तात्याराव पडलेले असतात. तेही खोकत खोकत हसले. म्हणाले, "जावा मिस्तरी, मजा करा. आमी हावोत."

शिन्यांग्याची माती आपल्यासारखीच काळी आहे. पहिल्या दिवशी मी ती मुठीत घेऊन चुरगाळून बघितली आणि परक्या मुलखात आल्याचं विसरून गेलो. कामही मनासारखं होतं. एकेका मशीनची पट्टी सोडवायची, रोलर घासायचा, गेज घालायचा. दुसऱ्याच दिवशी पहिल्या दोन मशिनींतून लांब, पांढरी, न तुटलेली रुई पडायला लागली तेव्हा तिथल्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी मला डायलिसिसला जायचं होतं, पण वाटेतला पूल बंद झाला. रविवारीच ते कळलं. नीलमला फोन करून सांगितलं.

सोमवारी सकाळी मी कापसाच्या काट्यावर उभा राहिलो. साठ किलो चारशे ग्रॅम. माझं कोरडं वजन अठ्ठावन्न, म्हणजे अंगात जवळजवळ अडीच लिटर पाणी साठलं होतं. साडेआठला डावा हात गार पडला. नसेवर बोट ठेवलं तर थरथर लागेना. मी घाबरलो, पण दम लागत नव्हता, म्हणून काम करत राहिलो. साडेबाराला हात पुन्हा गरम झाला. काट्यावर चढलो तर वजन बरोबर अठ्ठावन्न.

तिथले साडेआठ म्हणजे परभणीचे अकरा.

काटा बिघडला असेल म्हणून त्यावर सरकीचं मोजलेलं पोतं ठेवून बघितलं. काटा ठीक होता. आकडे मी डायरीत लिहून ठेवले. गुरुवारी पूल सुरू झाला होता, गाडीही उभी होती, पण चार मशिनी उघड्या पडल्या होत्या आणि मला काहीच होत नव्हतं. मी गेलो नाही. साडेआठला हात गार पडला, साडेबाराला पुन्हा गरम झाला. पुढच्या सोमवारीही तसंच झालं.

मग मी पाणी प्यायलो. तीन वर्षांत पहिल्यांदा पेला तोंडाला लावून गटागटा प्यायलो. आणखी एक भरून घेतला. केळी खाल्ली, तळ्यातला मासा खाल्ला. त्या दिवसांत मी सुखी होतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

बुधवारी मानवतला आलो आणि गुरुवारी परभणीला गेलो. नागेशनं नेहमीसारखं वजन घेतलं आणि फाईल उघडली. म्हणाला, "तुमचं जायाचं रद्द झालं, न्हाई का?"

"मी कालच आलो की."

"काय मिस्तरी, चेष्टा करायलाय का?" त्यानं फाईल माझ्यापुढं केली.

तीन तारखा. सोमवार, गुरुवार, सोमवार. आधीचं वजन, नंतरचं वजन. मी पिशवीतून डायरी काढली. आकडे ग्रॅमपर्यंत जुळत होते.

तात्याराव माझ्याकडं बघतच नव्हते. शेवटी म्हणाले, "तीन डाव हितं पडलात, पर एक शब्द बोलला न्हाईत. आमचं काय चुकलं?"

संध्याकाळी घरी आल्यावर नीलमला विचारलं. ती तव्यावरची भाकरी उलटत होती. ती उलटून झाल्यावरच बोलली.

"त्या सोमवारी सकाळी दार उघडलं तर पायरीवर बसलेले. तुमचाच शर्ट, तुमचीच चप्पल. आदल्या दिवशी तुमी पूल बंद हाय म्हणून सांगितलं व्हतं. आता चार दिसांत काय ऐकायला येतंय, म्हणून मी रडत बसले व्हते. मंग मी फाईल घेतली अन् म्हणलं, चला."

"अन् तू नेलंस?"

"तुमी जगावं म्हणून नेलं," ती म्हणाली. "दुसरं काय करायचं व्हतं मी?"

"काही बोलला का?"

"व्हट हालायचे. आवाज न्हाई. तीन वाजले की स्टँडवरच्या गर्दीत निघून जायचे." तिनं भाकरी ताटात ठेवली. "पार थकलेलं वाटलं मला ते माणूस."

महिनाभर मी सोमवार-गुरुवार परभणीला जात राहिलो. माझी जागा राहिली होती, मीही राहिलो होतो. डिसेंबरात दिनकररावांचा पुन्हा फोन आला. आणखी बारा मशिनी होत्या आणि त्या लोकांनी माझंच नाव घेतलं होतं. मी लगेच हो म्हणालो. या वेळी तिथल्या दवाखान्याच्या तारखा घेतल्याच नाहीत. गरज काय होती?

नीलमला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एकदा विचारून तरी बघायचं व्हतं."

"कुणाला?"

ती पाणी भरायला निघून गेली.

सोमवारी पहाटे पाचला हैदराबादची गाडी येणार होती. बॅग दाराशी ठेवून झोपलो. जाग आली तेव्हा नऊ वाजले होते आणि घरात ऊन आलं होतं. मी पायरीवर बसलेलो होतो. पायरीवर कधी आलो ते आठवेना. दाराशी बॅग नव्हती. कपाटात पासपोर्टही नव्हता.

नीलमनं फाईल घेतली, दाराला कुलूप लावलं.

"गाडी आली नाही का?" मी विचारलं.

"चला," ती म्हणाली. "यष्टी जाईल."

अंग जड झालं होतं, दम लागत होता. आज गेलो नाही तर काय होईल ते मला चांगलं माहीत होतं. मी तिच्या मागं निघालो. एसटीत ती माझ्या शेजारी बसली नाही. मागं बायकांत जाऊन बसली.

सेंटरमध्ये शिरताना मी मोठ्यानं म्हणालो, "जय भीम, तात्या."

तात्यारावांनी नागेशकडं बघितलं. "आज परत मुकं झालं की रं ह्ये मिस्तरी."

"नागेश, सुई थोडी वर लाव," मी म्हणालो. त्यानं ती खालीच लावली. मी ओरडलो. त्यानं पट्टी चिकटवली आणि पाच नंबरकडं गेला.

दोन वाजता नीलमचा फोन वाजला. ती माझ्या बेडशेजारच्या स्टुलावर बसली होती. "हैदराबादला पोचलात का?" तिनं विचारलं. मग ऐकत राहिली. "हितली काळजी करू नका. पाणी पोटभर प्या तिकडं." पलीकडून काहीतरी ऐकून ती हसली. तीन वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

फोन ठेवून तिनं माझ्या पायावरची चादर नीट केली.

"तासभरच राहिलाय, भाऊ," ती म्हणाली.