उजवीकडची जागा

पहिल्याच दिवशी त्याने तिला जागेवरून उठवलं होतं. "अहो, जरा उजवीकडे बसता का? बोट कलतेय." शहरातल्या चष्म्याच्या दुकानात नवी नोकरी, अंगावर नवाकोरा ड्रेस… ती धुसफुसतच उठली. उजवीकडे वारा होता, पाण्याचे तुषार होते आणि दोर सांभाळत उभा असलेला तोही होता.

मग ते रोजचंच झालं. तो सगळ्यांनाच हलवायचा. "ताई, इकडे या. मावशी, पिशवी मधे ठेवा." अख्ख्या बोटीत त्याच्या ताया आणि मावश्या. तिला मात्र नुसतं "अहो"! हे लक्षात आलं त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली आणि मालकांची बोलणी हसत हसत खाल्ली. घरून निघायला तिला रोज उशीर व्हायचा, पण बोट कधी चुकली नाही. नशीबच चांगलं, असं तिला वाटायचं.

आज आई बरोबर होती. ये-जा झेपत नाही म्हणून दोघी शहरात खोली बघायला निघाल्या होत्या. पूर्वी तिनेच हट्ट धरला होता. आता मात्र तिचाच पाय निघत नव्हता.

सुट्टीमुळे बोट जवळजवळ रिकामी होती. तो आला. "काकू, तुम्ही बसा आरामात. अहो, तुम्ही… जरा उजवीकडे."

"का रे बाबा?" आईने रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली. "माझी लेक एवढी जड आहे?"

तो कानापर्यंत लाल झाला. ती मात्र लगेच उठून उजवीकडे गेली.

"रोज खोटं बोलता?" तिने हळूच विचारलं.

"पहिल्या दिवशी खरंच कलली होती. नंतर… तुम्ही कधी विचारलंच नाही."

"आम्ही खोली बघायला चाललोय. शहरातच राहणार मी."

त्याच्या हातातला दोर तसाच राहिला. "म्हणजे… बोट नाही लागणार?"

"नाही."

"मला गोड बोलता येत नाही," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "पण तुम्ही मला आवडता. सकाळी तुम्ही धक्क्यावर दिसेपर्यंत मी दोर सोडत नाही. सुकाणूवरचे काका रोज शिव्या घालतात."

तिला एकदम रडूच आलं. नशीब कसलं… हा थांबत होता!

धक्का आला. आई उतरून चालू लागली. ती जागची हलली नाही.

"आई, खोली राहू दे ना. बोट… झेपते मला."

आईने लेकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो दोराची गाठ मारत होता, सोडत होता, पुन्हा मारत होता.

आई परत बोटीत चढली आणि डावीकडच्या बाकावर ऐसपैस बसली. लेक शेजारी टेकणार, तोच आईने हाताने अडवलं.

"इथे नको," आई म्हणाली. "बोट कलतेय."