यादीतलं चौथं नाव

खोटं वाटलं तर खुशाल वाटू द्या. माझ्या मावसभावानं, कुशलनं, हे मला खामगावात त्याच्या घरच्या ओट्यावर बसून सांगितलं. सांगताना दोनदा उठून चूळ भरून आला. थापा मारणारा माणूस नाही तो.

आणि रात्रबित्र काही नव्हती.

गेल्या वर्षीची पंचवीस जुलै. दुपारचे अडीच.

जागा म्हणजे तिथलंच एक रक्त केंद्र. नाव सांगत नाही. मी कोणाच्या बापाला भीत नाही, पण तिथं आजही लहान पोरांना रक्त चढवतात. त्यांच्या आईबापांनी जायचं कुठं?

थॅलेसेमियाची पोरं. अंगात रक्त टिकत नाही, म्हणून दर एकवीस दिवसांनी बाहेरचं चढवायचं. जन्मभर. कुशलनं केंद्राचा प्रोग्राम लिहिला होता. रोज सकाळी प्रोग्राम डेटाबेसला आजची तारीख देऊन विचारायचा, आज कोणाची पाळी? यादी यायची. ती बघून केंद्रातल्या पुष्पांजलीताई रक्तदात्यांना फोन लावायच्या.

सफा सात वर्षांची. जळगाव जामोदहून बापासोबत एसटीनं यायची. बाप, रहेमतुल्लाचाचा, गाद्या भरायचे. भुवयांत कायम कापूस. सफाचे पाय लोखंडी बाकावरून खाली पोचत नव्हते. मग ती टाचा बाकावर आपटत बसायची.

टक… टक… टक…

कंटाळली की नारंगी पेप्सीची बर्फकांडी चोखत कुशलच्या टेबलाशी. नुकती वाचायला शिकली होती.

"दादा, माह्यं नाव आलं काय?"

"शोध तूच."

चिकट बोट स्क्रीनवरून फिरायचं. सापडलं की नावावर नारंगी ठसा.

"हे पाय! मी तिसरी!"

"आता स्क्रीन चाटून साफ कर."

"तू चाट!"

जूनच्या शेवटी जुना कॉम्प्युटर बसला. नवा आला. कुशलनं अठ्ठावीस जूनला प्रोग्राम चालवून पाहिला. यादी बरोबर. झोपला निवांत.

चार जुलैच्या यादीत सफाचं नाव नव्हतं.

यादी रिकामी असती तर कोणी तरी बोंब मारली असती. पण तीन नावं होती. त्या तिघांच्या पिशव्या निघाल्या. सफाच्या रक्तगटाचे दाते आसपासच्या तालुक्यांत मोजून अकरा. एकालाही फोन गेला नाही. ती आली तेव्हा अंगात ताप, ओठ पांढरे, हिमोग्लोबिन तीन.

केंद्राचे साहेब म्हणाले, "यादीत नाव नाही. तुमचीच तारीख चुकली."

चाचांच्या हातातल्या कार्डावर चार जुलैच लिहिलेली होती. चाचांना वाचता येत नाही. साहेबांनी कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं आणि अकोल्याला न्या म्हणाले.

अकोल्याच्या वाटेवर, बाळापूरच्या पुढं सफा गेली.

खोट सापडायला कुशलला तीन दिवस लागले. प्रोग्राम तारीख साध्या अक्षरांत पाठवायचा, आधी दिवस, मग महिना. नवा कॉम्प्युटर परदेशी रीतीनं आधी महिना वाचत होता. चार जुलैची त्यानं सात एप्रिल केली आणि एप्रिलची जुनी यादी काढून दिली. तेरा तारखेपासून पुढं मात्र सगळं ठीक, कारण तेरावा महिना नसतो. तिथं तो मुकाट्यानं सरळ वाचायचा. म्हणून अठ्ठावीसला काही दिसलं नाही. बाकी पोरांचे रक्तगट साधे, फ्रीजमधून भागलं.

साहेब म्हणाले, "दुरुस्त कर. आणि तोंड बंद ठेव."

कुशलनं दोन्ही केलं.

हे मी त्याला तोंडावर म्हटलं. दोन्ही केलंस. तो पहिल्यांदा चूळ भरायला उठला तो तेव्हाच.

तर पंचवीस जुलै. खोट दुरुस्त झाली होती, तारीख आता अक्षरांत न जाता तारीख म्हणूनच जात होती. सफाची नोंद कुशलनं स्वतःच्या हातानं काढून टाकली होती. सहज यादी तपासायला काढली.

तीन नावं…

आणि खाली चौथं.

सफा रहेमतुल्ला. वय सात. रक्त दिलं: नाही.

त्यानं थेट डेटाबेसमध्ये पाहिलं. नोंदच नाही. पुन्हा यादी काढली.

नाव होतं.

"ताई, किती नावं दिसतात?"

"तीन. काऊन? डोये फुटले काय तुह्ये?"

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. इन्व्हर्टरवर फक्त स्क्रीन उरली.

मागं बाकावर…

टक… टक…

तो वळला. बाक रिकामा.

पुन्हा स्क्रीनकडं पाहिलं. चौथ्या नावावर नारंगी ठसा.

ओला.

एकवीस दिवसांनी पंधरा ऑगस्ट. केंद्राला सुट्टी. झेंडावंदन झाल्यावर त्यानं एकट्यानं कुलूप उघडलं. यादी काढली.

नाव होतं.

त्यानं साहेबांच्या ड्रॉवरमधून कार्ड काढलं आणि जळगाव जामोदची एसटी धरली.

चाचा दुकानात कापसात बसलेले. चहा मागवला. मग आपणहून बोलले, "घरवाली बोलत नाही माह्यासंगं. म्हनते, तुले एका पोरीची तारीख ध्यानात राहत नाही."

कुशलनं कार्ड पुढं केलं.

"तारीख बरोबर होती, चाचा. चार जुलैच. प्रोग्राम माझा चुकला. मला माहीत होतं… मी बोललो नाही."

तो मार खायच्या तयारीनं गेला होता. चाचांनी हात उचलला नाही. कार्डावरून अंगठा फिरवला आणि आतल्या दाराकडं तोंड करून ओरडले, "अजीजुन्निसा! सुनती क्या? तारीख सही थी!"

आत भांडं पडलं. मग एक बाई रडायला लागली.

चाचा हळूच म्हणाले, "गाडीत एकच इचारे. अब्बा, माह्यं नाव आलं काय? मी म्हनलं, आलं. झूठ बोललो."

"आता येते, चाचा."

चाचा त्याला वेडा म्हणाले नाहीत.

"मंग त्याच्यापुढं हो लिही. रक्त देल्लं म्हनून लिही."

तेव्हापासून तो दर एकवीस दिवसांनी "हो" लिहितो.

एकवीस दिवसांनी नाव परत येतं.

पुढं "नाही".

साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत. त्यांना कधी टक ऐकू येत नाही.

चाचांचा मात्र त्या दिवशी न चुकता फोन येतो.

"आलं काय नाव?"

"आलं, चाचा."

गेल्या खेपेला फोन चालू असतानाच बाक वाजला.

टक… टक… टक…

पुष्पांजलीताई बाकाला लागूनच बसल्या होत्या. मान वर केली नाही त्यांनी. पण चाचांनी फोनवर ते ऐकलं.

"कुशलभाऊ… तिले म्हना, पाय नको हालवू. थकून जाते पोरगी."

कुशलनं रिकाम्या बाकाकडं तोंड केलं आणि तेच म्हटलं.

आवाज थांबला.