चपला घालता घालता

मी त्या चौकटीतून गेले आणि ती बोंबलली.

बोंबललीच! 'टूं' वगैरे नाजूक काही नाही. रिकाम्या दालनात तो आवाज असा घुमला की माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"थांबा, हलू नका!" चौकटीमागून कोणीतरी ओरडलं, आणि मग एक डोकं वर आलं. विस्कटलेले केस, कानावर पेन्सिल, दातांत स्क्रू ड्रायव्हर. आणि डोळे... असे आनंदलेले, जणू मी नाही, परीक्षेचा निकालच आत आला होता.

"मी काही चोरलेलं नाही," मी म्हणाले.

"सगळे तेच म्हणतात. खिसे रिकामे करा."

ही विमानतळाची जुनी इमारत. विमानं नव्या इमारतीकडे गेली त्याला बरीच वर्षं झाली, आणि आता इथे एक छोटंसं संग्रहालय होणार होतं. पूर्वी लोक विमानाने कसे जायचे, त्यांची तपासणी कशी व्हायची, ते दाखवणारं. माझं काम जुन्या प्रवाशांना बोलतं करून त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करण्याचं. त्याचं काम जुनी यंत्रं पुन्हा चालती करण्याचं. अंगावर धातू असला की ओरडणारी ती चौकट त्याने त्याच दिवशी जिवंत केली होती, आणि तिचं पहिलं गिऱ्हाईक नेमकी मी.

मी किल्ल्या काढल्या. बोंब. सुटे पैसे काढले. बोंब. रेकॉर्डर, घड्याळ, पेन... बोंब, बोंब, बोंब. शेवटी त्याची नजर माझ्या डोक्यावर थांबली.

"तो... चाप."

माझ्या आत्याचा पोलादी चाप, तळहाताएवढा. माझे केस दुसऱ्या कशाला दाद देत नाहीत. मी तो काढला, केस पाठीवर सुटले, मी चौकटीतून गेले आणि चौकट गप्प राहिली. त्याने चाप हातात घेऊन उलटसुलट पाहिला. जरा जास्तच वेळ.

"हा... ठेवून घेऊ का?" तो मग घसा साफ करत म्हणाला. "चाचणीसाठी. इतका भरवशाचा लोखंडी माल सहसा मिळत नाही."

"चाचणी झाली की परत हवा."

"अर्थात. हे काय विचारणं झालं?"

चाचणी आठवडा झाला तरी संपेना. रोज सकाळी मी विचारायची, "आज?" आणि तो चाप खिशात घालून चौकटीतून जायचा, ती बोंबलायची, आणि तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "अजून खात्री वाटत नाही." मीही मोकळ्या केसांनी यायला लागले. घरी आईने विचारलं, चाप कुठे गेला? म्हटलं, सरकारजमा झाला.

दुपारी प्रवासी यायचे. पिकल्या केसांचे, आवरून-सावरून, जणू विमानच पकडायचं आहे. त्यांच्या आठवणी ऐकून मी चाट पडायची. एक निवृत्त वकील सांगत होते, की ते खिशातल्या सुरीने विमानात फळं कापून शेजाऱ्यांना वाटायचे आणि कोणाला त्यात वावगं वाटायचं नाही. एका शिक्षिकाबाईंच्या बॅगेतले कपडे तपासणाऱ्या बाईने एकेक करून उलगडले होते आणि मग बाईंपेक्षा सुबक घड्या घालून परत ठेवले होते. "मी तिच्याकडून ती घडी शिकले," बाई म्हणाल्या. "अजून तशीच घालते." सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र हमखास यायची. तेव्हा पोचवायला आलेला माणूस पार विमानाच्या शिडीपर्यंत यायचा.

"आणि तुमची आठवण?" एकदा बॅगा तपासायच्या यंत्राचा पट्टा साफ करता करता त्याने मला विचारलं.

"मी विमानात कधी बसलेच नाही."

"काय सांगता! आणि विमानतळावर नोकरी?"

"लग्नं जमवणारे सगळे स्वतः लग्न झालेले असतात का?"

तो हसला. हसला की त्याच्या कानावरची पेन्सिल हटकून पडायची. मी ती उचलून द्यायची. हे आमचं जवळजवळ ठरूनच गेलं होतं.

मग मी त्याला आमच्या घरची रीत सांगितली. आमच्याकडे महत्त्वाचं कोणी बसून बोलत नाही. पाहुणे येतील, तास तास हवापाण्यावर बोलतील, आणि निघताना एक चप्पल पायात, एक हातात अशा अवस्थेत दारात उभं राहून खरं काय ते सांगतील. दादाने नोकरी सोडल्याचं तसंच सांगितलं. आत्याने "मला लग्न करायचं नाही" हे सँडलचा पट्टा लावता लावता जाहीर केलं आणि पट्टा लागताच निघूनही गेली. बाबांनी आईला मागणी घातली तीसुद्धा बुटाची नाडी बांधताना, मान वर न करता. आई अजून म्हणते, हा माणूस मला विचारतोय की नाडीला, तेच मला कळेना.

"म्हणजे तुमच्या तोंडून काही ऐकायचं असेल," तो सावकाश म्हणाला, "तर आधी तुम्हाला हाकलायला हवं."

"हाकलून बघा की..."

त्याने हाकललं नाही. उलट कॉफीच्या यंत्रातून दोन कॉफ्या आणल्या, आणि मी निघायचा विषय संध्याकाळपर्यंत कोणी काढला नाही.

त्यानंतरच कधीतरी एक निवृत्त नर्सबाई आल्या. बारीक चणीच्या, काठी टेकत. तो बॅगा तपासायच्या यंत्राखाली आडवा पडून काम करत होता. म्हणजे, काम करत असल्याचं दाखवत होता.

"माझा एक मित्र होता, तो मला दर वेळी पोचवायला यायचा," बाई सांगू लागल्या. "आणि बोलायचं ते शिडीपाशी बोलायचा. स्वेटर घाल, जेवत जा, असंच. त्या दिवशी मात्र काहीतरी मोठं होतं मनात. सकाळपासून तोंडावर दिसत होतं गं. म्हटलं, शिडीपाशी बोलेल. मीही विचारलं नाही. आणि नेमकी त्याच आठवड्यात ही चौकट बसलेली! आम्हाला काय ठाऊक? शिपाई म्हणाला, इथून पुढे फक्त प्रवासी. मागे लोक ढकलत होते, मी पुढे गेले. वळून बघितलं तर तो दोरीपलीकडे... हात अर्धा वर."

"मग?"

"मग काय, माझं लग्न झालं, त्याचंही झालं. दोघांचंही चांगलंच झालं, उगाच खोटं कशाला बोलू? पण तो काय बोलणार होता, ते अजून भांडी घासताना मध्येच मनात येतं." त्यांनी चौकटीकडे पाहिलं. "आमचं चुकलं एवढंच. शेवटच्या दाराच्या भरवशावर राहिलो."

बाई काठी टेकत निघून गेल्या.

"त्याने आधीच बोलायला हवं होतं," मी म्हणाले.

"तिने विचारायला हवं होतं," आडवं राहूनच तो म्हणाला.

यावर आम्ही भांडलो. चांगले कडकडून भांडलो, आणि भांडता भांडता 'अहो-जाहो' कुठे गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

संग्रहालय उघडलं, फीत कापली गेली, चौकटीने पाहुण्यांसमोर झकास बोंब मारली. आणि त्याच संध्याकाळी, खुर्च्या रचता रचता, त्याने मला सांगितलं. ही यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने त्याला बोलावलं होतं. समुद्रापलीकडे, दोन वर्षांसाठी.

"जाऊ का?" त्याने विचारलं.

माझ्या हातात खुर्ची होती. मी ती नको तितक्या काळजीपूर्वक खाली ठेवली. मला म्हणायचं होतं... काय म्हणायचं होतं ते मला पक्कं माहीत होतं. जा, पण माझा होऊन जा. एवढंच तर होतं! पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"इतकी चांगली नोकरी! विचारतोस काय? जा."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. पेन्सिल काही पडली नाही.

रात्रभर मी स्वतःला समजावलं की बोलायचं आहेच, फक्त वेळ यायची आहे. तो निघेल, मी पोचवायला जाईन, अगदी शेवटच्या दाराशी उभी राहीन आणि बोलेन. आमच्या घरात असंच तर बोलतात.

नवी इमारत मी तो निघाला त्या दिवशी पहिल्यांदाच आतून पाहिली. केवढी ती उंच छतं, केवढा लख्ख उजेड! मोठ्या दालनात कोणालाही येता येत होतं. त्याने सामान दिलं, आम्ही कॉफी घेतली, मी हवापाण्यावर बोलले. चाप राहिलाच की, असंही म्हणाले. तो म्हणाला, "अरे हो, राहिलाच." झालं. शेवटी तो उठला.

"चल, गेटपर्यंत येते," मी म्हणाले.

"गेटपर्यंत?" तो थबकला. "अगं, पण—"

"तपासू देत की मला! आज चाप नाही, किल्ल्यासुद्धा घरी ठेवून आलेय."

त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात आम्ही दोरीपाशी पोचलोही. गणवेशातल्या बाईंनी त्याचा पास पाहिला, मग माझ्यापुढे हात धरला.

"पास?"

"मी जात नाहीये. पोचवायला आलेय. शिडीपर्यंत..."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू बैलगाडीतून उतरले होते. "इथून पुढे फक्त प्रवासी, मॅडम. मागच्यांना वाट द्या."

मागून बॅगांचा रेटा आला. तो वळला, काहीतरी म्हणाला, आणि रांगेने त्याला काचेच्या भिंतीपलीकडे नेलंसुद्धा. माझा हात वर गेला होता. तो अर्धाच वर आहे हे लक्षात आलं तेव्हा मी तो झटकन खाली घेतला.

इतक्या जणांच्या आठवणी मी ऐकल्या होत्या! पण मी विमानतळ ओळखत होते तो त्यांच्या तोंडून, आणि त्यांच्या विमानतळाला शिडी होती. ते शहाणपण सगळं रेकॉर्डरमध्ये भरलं, माझ्या डोक्यात मात्र तेवढी शिडीच शिल्लक राहिली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

मी काचेला जाऊन चिकटले. पलीकडे तो ट्रेमध्ये एकेक वस्तू ठेवत होता. पट्टा, घड्याळ, बूट. आणि फोन. मी घाईघाईने फोन लावला तेव्हा त्याचा फोन ट्रेमध्ये बसून यंत्रात शिरत होता. रिंग वाजत राहिली. मी काचेवर थाप मारली, त्याचं नाव घेऊन हाक मारली, शेजारच्या आजोबांनी दचकून नातवंडाला जवळ ओढलं, पण पलीकडे काही पोचेना.

तो चौकटीतून गेला आणि लाल दिवा लागला.

मला खरंच वाटेना. हा माणूस, जो सगळ्या जगाला खिसे रिकामे करायला लावतो, तो स्वतः अडकला? पलीकडच्या शिपायाने त्याला बाजूला घेतलं. त्याने निवांतपणे शर्टाच्या खिशात हात घातला, काढलं ते शिपायाला दाखवलं, आणि मग वळून, काचेवर मला शोधून, ते उंच धरलं.

आत्याचा चाप.

मला हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदमच. काचेवर श्वासाची वाफ धरली ती बाहीने पुसली. तो एका बाकावर बसला होता, ट्रे शेजारी, फोन कानाला. माझ्या हातातला फोन थरथरला.

"विसरला होतास?" मी विचारलं. आवाज माझा वाटतच नव्हता.

"मी? कधी काही विसरून चौकटीतून गेलोय का?" तो काचेतून माझ्याकडे बघत होता. "तू दोरीपाशी थांबशील आणि घरी निघून जाशील असं वाटलं. म्हटलं, दिवा लागला तर निदान बघशील तरी. माझं सांगून झालं. चाप मी परत देणार नाहीये. कधीच. आता तुझं..."

"मला गेटपर्यंत यायचं होतं रे," मी म्हणाले. "तिथे बोलणार होते."

"माहीत आहे. म्हणून तर थांबलोय. मी काय करतोय ते नीट बघ."

मी नीट पाहिलं. तो वाकला होता. फोन खांद्यात धरून बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता.

"एक घातलाय," तो म्हणाला. "दुसरा तू बोलल्याशिवाय घालणार नाही. विमान माझं आहे, जबाबदारी तुझी."

मी बोलले. दालनातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले, की मला तू हवा आहेस, दोन वर्षांनीही, वीस वर्षांनीही, आणि त्या संध्याकाळी खुर्ची ठेवतानाही हेच म्हणायचं होतं. शेजारचे आजोबा नातवंडाला सोडून टाळ्या वाजवू लागले. दोरीपाशीच्या बाईंनी मान वळवली, पण हसू लपवता आलं नाही त्यांना.

पलीकडे त्याने दुसरा बूट उचलला. तो घालायला मात्र त्याने फार, फार वेळ लावला.