गुरुवारचे रीळ

"चोरी झाली आहे, पण चोर सापडू नये असंही वाटतंय," असे म्हणून बाई खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या.

खासगी तपासनीसांनी चष्मा वर सरकवला. बावीस वर्षांच्या धंद्यात असे गिऱ्हाईक त्यांच्या दारात प्रथमच आले होते. शेजारी त्यांचे मेहुणे वही उघडून सज्ज होते. मेहुणे सगळे लिहून घेत. त्यातले कामाचे कोणते, ते मात्र भावोजींनीच सांगावे लागे.

बाई गावच्या वादक संग्रहालयाच्या व्यवस्थापिका होत्या. चार खोल्या, त्यांत गावातल्या वादकांची वाद्ये आणि फोटो, आणि शेवटी ऐकण्याची खोली. तिथे जुन्या ध्वनिमुद्रणांची रिळे कपाटात ठेवलेली असत.

"आमच्याकडे एका क्लॅरिनेटवादकांचं रीळ होतं. त्यांनी घरीच वाजवून भरलेलं, एकतीस वर्षांपूर्वी. ते आता हयात नाहीत. काल आमच्या तंत्रज्ञानं कपाट उघडलं तर डबी आहे, रीळ नाही. कपाटाला कुलूप होतं."

"किल्ली?"

"माझ्याकडे एक आणि आमच्या पहारेकऱ्याकडे एक. आम्ही त्यांना मामा म्हणतो. पंधरा वर्षं आहेत, दोन महिन्यांनी निवृत्त होतील. उद्या समितीची बैठक आहे. मला सांगावंच लागेल, आणि समिती त्यांना त्याच क्षणी घरी बसवील."

"मामा काय म्हणतात?"

"मान खाली घालून उभे राहतात. नाही म्हणत नाहीत आणि होही म्हणत नाहीत." बाईंचे डोळे भरून आले. "चोराचा चेहरा नाही हो तो. घरात कुणी गेल्यासारखा चेहरा आहे."

तासाभरात तिघे संग्रहालयात पोचले. दुसऱ्या खोलीत काचेच्या कपाटात क्लॅरिनेट होते. मागे वादकाचा फोटो, शेजारी वाद्याची पेटी, समोर माहितीचे कार्ड. मेहुणे कार्ड मोठ्याने वाचू लागले, "पेटीचे जांभळे मखमली अस्तर वादकाच्या पत्नीने स्वतः शिवले आहे, ते अवश्य पाहावे." त्यांनी काचेला नाक लावले. "काय पाहावं? पेटी तर बंद आहे."

"पुसताना मिटली असेल," बाई म्हणाल्या.

ऐकण्याच्या खोलीत एका टेबलावर जुने टेप यंत्र आणि दुसऱ्यावर नवा कॉम्प्युटर होता. यंत्राच्या कळांमध्ये एक लाल होती, ध्वनिमुद्रणाची. तिच्यावर चिकटपट्टीची फुली मारलेली होती, चांगली दोन-तीन थरांची.

"ही तुम्ही लावलीत?" तपासनीसांनी तंत्रज्ञाला विचारले. तो तिशीतला, नीटनेटका माणूस होता.

"नाही. बुधवारपर्यंत नव्हती. यंत्रात काहीच बिघाड नाही."

तपासनीसांनी कपाटातल्या दहा-बारा डब्या उघडून पाहिल्या. काही रिळांचे बाहेर लोंबणारे टोक पांढरे होते, काहींचे लाल.

"टेपची टोकं झिजू नयेत म्हणून कोऱ्या पट्ट्या जोडतो मी," तंत्रज्ञ म्हणाला. "डोक्याकडे, म्हणजे सुरुवातीला, पांढरी; शेपटाकडे लाल. गेल्या महिन्यात सगळ्या रिळांना लावल्या. आता एकेक रीळ कॉम्प्युटरवर घेतोय. ही लाल टोकाची झालेली, पांढऱ्या टोकाची राहिलेली. बुधवारी क्लॅरिनेटचं झालं, गुरुवारपासून पाहुण्यांना कॉम्प्युटरवरच ऐकवतोय."

रिकाम्या डबीवर वादकाच्या हस्ताक्षरात लिहिले होते, 'अकरा मिनिटे चाळीस सेकंद'. कॉम्प्युटर मात्र अकरा मिनिटे पाच सेकंद दाखवत होता.

"पस्तीस सेकंद कुठे गेले?" मेहुण्यांनी विचारले. हिशोबात ते पक्के होते.

"सुरुवातीचा कचरा काढला. खुर्ची सरकते, कोणी पोर बडबडतं. वादन कसं स्वच्छ हवं ना?"

"न कापलेली प्रत?"

"पुसली. जागा पुरत नाही. रीळ होतंच की कपाटात."

तपासनीसांनी डबी परत कपाटात ठेवली. त्यांनी बाईंना एवढेच विचारले, "गुरुवारी इथे कोण आलं होतं?"

"दर गुरुवारी येतात त्याच. वादकांच्या पत्नी, आमच्या वहिनी. तीन वाजता. आतापर्यंत मामाच त्यांना रीळ लावून द्यायचे."

त्या दोन गल्ल्या पलीकडे राहत. एक खोली, खिडकीशी शिलाई मशीन, त्यावर अर्धवट शिवलेले पडदे. पाहुण्यांना त्यांनी खुर्च्या दिल्या आणि स्वतः पलंगावर बसल्या.

"वादन अकरा मिनिटांचं. गुरुवारी तुम्ही मिनिटभरात उठलात, असं बाई सांगतात," तपासनीस म्हणाले.

"मी दर वेळीच मिनिटभरात उठते. वादन मी पंचवीस वर्षं ह्या घरात ऐकलंय." त्या थांबल्या. पडद्याच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवले. "वादनाच्या आधी माझी मुलगी बोलते. सहा वर्षांची होती. त्याच वर्षी तापानं गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही."

मेहुण्यांची पेन्सिल थांबली.

"गुरुवारी ती बोललीच नाही. एकदम वादनच सुरू झालं. मला वाटलं, माझे कानच गेले. नाहीतर मग इतकी वर्षं मी मनातलंच ऐकत होते."

"कुणाला विचारलं नाहीत?"

"काय विचारणार? माझी मुलगी इथे बोलायची का हो, असं?"

बाहेर आल्यावर मेहुण्यांनी वही चाळली. मग त्यांना राहवेना.

"भावोजी, वाईट वाटतंय, पण रीळ ह्यांनीच नेलंय. कारण ह्यांनाच आहे."

"नेलं असतं तर वाजवलं कशावर असतं? शिलाई मशीनवर?"

"मग तो तंत्रज्ञ. स्वतःची चूक झाकायला."

"त्याला आपली चूक झालीय हे अजून ठाऊक तरी आहे का?"

मेहुण्यांनी वहीतली दोन्ही नावे खोडली आणि हात टेकले.

मामा दाराशी स्टुलावर बसले होते. गणवेशाची घडी कडक, पण दाढी दोन दिवसांची. तपासनीस त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"गुरुवारी वहिनी काही बोलल्या का, मामा?"

"नाही. दर वेळी 'येते हं मामा' म्हणतात. दहा वर्षांत एक गुरुवार चुकला नाही. परवा मात्र तशाच गेल्या, भिंतीला धरत."

"रीळ कुठे आहे?"

"ते आता कोणाच्याच कामाचं नाही, साहेब."

"आणि लाल कळेवर चिकटपट्टी?"

"बाकीची तरी राहू देत," मामा पुटपुटले.

तपासनीस उठले. त्यांनी मेहुण्यांना वहिनींना घेऊन यायला धाडले. पाच वाजता सगळे दुसऱ्या खोलीत क्लॅरिनेटसमोर जमले. काचेचे कपाट तपासनीसांनी बाईंकडून उघडून घेतले आणि मिटलेल्या पेटीचे झाकण वर केले. जांभळ्या मखमलीवर तळहाताएवढे रीळ होते.

बाईंनी तोंडावर हात धरला.

"ज्या पेटीचं अस्तर पाहा म्हणून कार्ड लावलंय, ती बंद का असावी?" तपासनीस म्हणाले. "हे माझ्या मेहुण्यांनी सकाळीच विचारलं होतं. विचारून विसरले, ही गोष्ट वेगळी."

मेहुणे ओशाळले.

"चोरीचा माल कोणी जिथून चोरला तिथेच ठेवत नाही. नेणाऱ्याला रीळ विकायचं नव्हतं, घरी न्यायचं नव्हतं आणि फेकवतही नव्हतं. म्हणून मुलीच्या आईच्या हातच्या मखमलीवर नेऊन ठेवलं. आता लाल कळ. तिच्यामुळे टेप पुसली जाते. ती चिकटपट्टीनं बंद कोण करील? जो समजतो की आपल्या हातून एक रीळ पुसलं गेलं, आणि दुसरं जाऊ नये म्हणून धडपडतो, तोच. मामा, वहिनी गेल्यावर तुम्ही कॉम्प्युटरवर ऐकलंत. मुलीचा आवाज नव्हता. म्हणून तुम्ही मूळ रीळ काढून यंत्रावर चढवलंत. बरोबर?"

मामांचा बांध फुटला. "पुढच्या गुरुवारी वहिनींना तेच लावून देणार होतो. नीट आहे ना, एवढंच बघायचं होतं. दोन मिनिटं थांबलो, नुसती खरखर. खाली पाहिलं तर बोट लाल कळेपाशी. चष्मा नव्हता. पुसलं मी तिला, वहिनी! माझ्या हातानं पुसलं!"

वहिनींनी रिळाकडे हात नेला, आणि मागे घेतला.

"थांबा," तपासनीस म्हणाले आणि रिळाचे बाहेरचे टोक वर धरले. "मेहुणे, रंग कोणता?"

"लाल."

"लाल म्हणजे?"

"शेपूट," मेहुणे म्हणाले आणि त्यांचे डोळे विस्फारले. "भावोजी, हे तर उलटं आहे!"

तपासनीस तंत्रज्ञाकडे वळले. "काम झाल्यावर तुम्ही रीळ परत सुरुवातीला गुंडाळत नाही?"

"नाही. शेवट बाहेर ठेवूनच कपाटात ठेवायचं असतं. टेप जास्त टिकते. आमच्या कामाची रीतच आहे ती."

"मामांना सांगितली होतीत ही रीत?"

"मामांना कशाला…" तंत्रज्ञाचा चेहरा पडला.

"मामांनी दहा वर्षं वहिनींसाठी रिळं चढवली, ती डोक्याकडून. नव्या पट्टीचा रंग त्यांना काय सांगणार? हे रीळ शेपटाकडून चढलं, आणि वादन संपल्यानंतर उरलेली कोरी टेप ते ऐकत बसले. लाल कळ दाबली गेली असेलही. पण पुसलं गेलं असेल, तर ते कोरंच."

"असेल?" वहिनींनी विचारले.

"ऐकल्याशिवाय खात्री देत नाही," तपासनीस म्हणाले.

रीळ मागे गुंडाळायला दीड मिनिट लागले. पांढरी पट्टी वर आली तेव्हा तंत्रज्ञाने ती यंत्रात ओवायला घेतली, पण ती दोनदा निसटली. शेवटी मामांनीच चष्मा लावला आणि ओवली.

खरखर. खुर्ची सरकली. मग एका पुरुषाचा आवाज आला. "आता अगदी गप्प बसायचं हं. वाजवतोय मी."

"मी श्वासपण नाही घेणार बाबा!" एक लहान, किनरा आवाज म्हणाला.

पुरुष हसला. "श्वास घे ग राणी. श्वास घे."

"किती घेऊ?"

"भरपूर घे."

मग क्लॅरिनेट सुरू झाले. वहिनी सवयीने उठल्या, आणि पुन्हा बसल्या. आज त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. त्या रडत होत्या आणि डोळे पुसायचे त्यांच्या लक्षातही येत नव्हते. बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. तंत्रज्ञ हलक्या आवाजात म्हणाला, "आजच सगळं उतरवून घेतो. काहीही न कापता."

वादन संपल्यावर मामांनी यंत्र बंद केले आणि हात जोडून उभे राहिले. वहिनींनी त्यांचे जोडलेले हात आपल्या हातांत धरले आणि खाली केले. चष्मा मामांच्या नाकावर वाकडा बसला होता, तोही सरळ केला.

मेहुण्यांची वही मिटलेलीच होती.

दारापर्यंत जाऊन वहिनी वळल्या.

"येते हं मामा," त्या म्हणाल्या. "गुरुवारी."