हिरव्या डब्यातला चहा

"झाकण उघडलेलं हाय, ताई. परत घेत न्हाय," राजारामपुरीतले दुकानदार बाळासो ग्रीन टीचा डबा माझ्याकडे सरकवत म्हणाले.

"मी उघडलेलाच नाही!"

"मग भुतानं उघडला व्हय?"

मागं कुणीतरी हसलं. विस्कटलेले केस, हातात ग्रीन टीची पाच पाकिटं.

"तो डबा मला द्या."

"एवढा पिता?"

"छे! मी दूध-साखरेवाला. हा हाडांच्या पेशींना पाजतो... विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. मी अमरसिंह."

तो पाकीट काढू लागला.

"पैसे नकोत. फक्त खरं सांगा — यानं हाडं वाचतात?"

त्याचं हसू ओसरलं. "काचेच्या बशीत, हो. यातल्या कॅटेचिन नावाच्या द्रव्यांनी हाड बांधणाऱ्या पेशी जोमात येतात, झिजवणाऱ्या मंदावतात. माणसांत मात्र... अजून ठाम सांगता येत नाही."

"आईची हाडं ठिसूळ झाली, तेव्हा कुठंतरी वाचून मी तिचा दुधाचा चहा बंद केला. वर्षभर हेच डबे. तरी पडली, खुबा मोडला. चार महिने झाले तिला जाऊन. शेवटचं वर्ष मी तिला बेचव करून ठेवलं."

'असं नका म्हणू' वगैरे तो म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "समोर चहा घेऊ?"

"सूर्य मावळला. यानंतर खाणंपिणं नाही. आई पाळायची... आता मी पाळते."

"मग उद्या. लवकर येतो."

दुसऱ्या दिवशी आला — सात वाजता! तिसऱ्या दिवशीही.

"पेशींना खाऊ घालायचं होतं," तो ओशाळला.

"त्यांच्याकडंच जा मग."

"त्या अशा रुसत नाहीत."

"रुसलंय कोण?"

"मग तासभर दुकानाच्या या कट्ट्यावर का बसलात?"

मी उठून चालू लागले. त्यानं मला घरापर्यंत सोडलं.

चौथ्या दिवशी साडेचारलाच दार वाजलं. अमरसिंह धापा टाकत उभा, हातात आमचा डबा.

"हे आधी तुम्ही बघा."

वर हिरव्या पानांचा पातळ थर. खाली पिशवीत काळी चहापूड, सुंठेचा तुकडा, दोन वेलदोडे.

त्या वर्षात मी शाळेत शिकवून परतायची तेव्हा रोज कपभर दूध कमी असायचं. "मांजर पिऊन जातं गं, दीपा," आई म्हणायची. आणि त्या मांजरासाठी मी खिडकीला जाळी बसवून घेतली होती!

मी हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा, पोट धरून. हसता हसता डोळे भरले, तेव्हा तो मुकाट्यानं स्वयंपाकघरात जाऊन पातेलं शोधू लागला.

आईच्या पुडीचा चहा उकळला. खिडकीत अजून ऊन होतं. कप माझ्या हातात देताना त्याची बोटं क्षणभर रेंगाळली...

"उद्याही येऊ? ऊन असताना?"

"आणि पेशी?"

"त्यांना सकाळीच जेवू घालीन. रोज."

रोज... मी कपात बघत म्हटलं, "मग दूध जास्त घ्यावं लागेल."

"शेजारी विचारतील की, एवढं दूध कशाला?"

"सांगेन — मांजर परत आलंय."