जिन्यातला खोकला

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. त्या खोलीत मी एकटीच होते आणि जे झालं ते माझ्याच हातून झालं. त्यामुळे यात मी काही वाढवलेलं नाही. वाढवलं असतं, तर स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

कोथरूड. या मार्चमधला एक गुरुवार. दुपार.

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

तिथे दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट आहे. टेबलं भाड्याने मिळतात. ज्यांना घरी काम जमत नाही, ते येऊन बसतात. मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलंय, औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासते. माझ्या समोरच्या टेबलावर यज्ञेश्वर काका बसायचे. निवृत्त शिक्षक. पुस्तकांची प्रुफं तपासायचे.

त्यांना खोकला होता. कोरडा. सुरू झाला की थांबायचाच नाही.

कोविडनंतर खोकला ऐकला की सगळेच दचकतात. पण तोंडावर कोण बोलणार? आमच्याकडे एक पद्धत पडली होती. कुणी खोकायला लागलं, की दुसऱ्याने पेनाने टेबलावर टकटक करायची. खोकणाऱ्याने उठून जिन्यात जायचं. थांबला की परत यायचं.

काका निमूट उठायचे. तोंडावर रुमाल धरून.

"काका, फार मन लावून खोकता तुम्ही," जागेचा मालक आमोद म्हणायचा.

"अहो आमोदराव, भाडं फक्त खुर्चीचं घेता ना? खोकला माझ्याकडून फुकट."

सगळे हसायचे. काकाही.

एकदा जिन्यात मला म्हणाले, "मैत्री, हा बीपीच्या गोळीचा खोकला आहे गं. कुणाला लागायचा नाही. तू शिकलेली आहेस, तुला ठाऊक असेल."

मला ठाऊक होतं. काही गोळ्यांनी होतो तसा.

"मग काका, घरीच का नाही बसत? आराम तरी मिळेल."

"घरी खोकलो तर ऐकायला कोण आहे? इथे निदान माणसांत बसायला मिळतं."

मी आत आले. कुणालाच काही सांगितलं नाही. संध्याकाळी ते खोकले, तेव्हा टकटक मीच केली.

फेब्रुवारीत काका गेले. झोपेतच.

आणि मग तो गुरुवार.

गुरुवारच्या दुरुस्तीसाठी वीज बंद होती. वायफाय नाही, म्हणून सगळे घरी गेले. माझ्या लॅपटॉपची बॅटरी शिल्लक होती, मी थांबले. पंखे बंद. फ्रीज बंद. वहीचं पान उलटलेलंही ऐकू यावं, अशी शांतता.

आणि तेवढ्यात...

खोकला.

कोरडा. समोरून. रिकाम्या टेबलाकडून...

मी आधी खिडकी पाहिली. बंद होती. शेजारच्या फ्लॅटला कुलूप होतं. भिंतीला कान लावून पाहिला. आवाज भिंतीतून येत नव्हता.

मी जागेवर येऊन बसले. खोकला चालूच. आणि माझ्या हाताने... सवयीने... पेन उचललं.

टक. टक.

खोकला थांबला.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर होती. ती हललीच नव्हती.

पावलं दाराकडे गेली. दार बंदच होतं. पण पुढचा खोकला... जिन्यातून आला.

मी तेव्हा ओरडत पळाले असते, तर बरं झालं असतं. पण मला वाटलं, योगायोग असेल. एकदा घडलेल्या गोष्टीवरून काही ठरवता येत नाही. पुन्हा करून पाहायला हवं.

थोड्या वेळाने पावलं आत आली. खोकला सुरू झाला. मी टकटक केली.

पावलं गेली. या वेळी खोकला खालच्या मजल्यावरून आला.

मी वाट पाहिली. पावलं परत आली... पण पायरीपायरीला थांबत. दमलेली. समोरची खुर्ची करकरली. मग बराच वेळ काहीच नाही. फक्त घशात कोंडून धरलेला श्वास...

त्यांना बसायचं होतं. एवढंच.

शेवटी खोकला सुटलाच.

आणि मी पुन्हा टकटक केली. खात्री करून घ्यायला.

पावलं जिना उतरून गेली.

परत आली नाहीत.

मी काय केलं, ते मला तेव्हा कळलं. मेलेल्या माणसाला मी जिने चढायला-उतरायला लावत होते. काय होतं ते पाहायला.

मी धावत खाली गेले. फाटकाशी वॉचमन होता, संतोष. त्याच महिन्यात लागलेला. काकांना त्याने कधी पाहिलेलं नव्हतं.

"कुणाला शोधताय, मॅडम?"

"आत्ता कुणी खाली आलं?"

"एक आजोबा आले ना. तोंडावर रुमाल होता. म्हटलं, आजोबा, उन्हाचं कुठं निघालात, वर बसा की. तर म्हणाले, वर लोकांना त्रास होतो."

मी फाटकाबाहेर आले.

"कुठे गेले?"

त्याने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे कुणीच नव्हतं.

"काका!" मी ओरडले. "काका, वर चला! आत बसा!"

दुचाकीवरची माणसं वळून बघू लागली. पलीकडून, गाड्यांच्या आवाजातून, खोकला ऐकू येत होता. माझी हाक ऐकताच तो थांबला. एकदम. पुन्हा आला तेव्हा... पुढच्या चौकातून आला.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना गोळीचं सांगितलं. आमोद म्हणाला, "छान. आता सांगतेस."

तेव्हापासून आमच्याकडे कुणी टकटक करत नाही.

गुरुवारी वीज गेली की मी दार उघडं ठेवते आणि खाली जाऊन उभी राहते. कुठून तरी खोकला येतो. हाक मारली की थांबतो. म्हणजे माझी हाक पोचते. पण तीही गप्प करण्यासाठीच आहे, असं त्यांना वाटत असावं... कारण पुढचा खोकला आणखी लांबून येतो.

गेल्या गुरुवारी मी हाक मारली नाही. नुसतं ऐकत राहिले. इतका पुसट होता, की खरंच आहे का तेच कळेना. मधूनच एक रिक्षा गेली. त्यानंतर काही ऐकू आलं नाही.

काकांचा खोकला थांबला, की काकाच माझ्या कानांच्या टप्प्याबाहेर गेले... मला सांगता येणार नाही.